आग्नेयेचं गाणं

वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मी जीपखाली आडवा होतो. मला फक्त त्यांच्या चपला दिसल्या. सात वर्षांत त्या चपला माझ्या अंगणात आल्या नव्हत्या.

"भाऊ, गाडी भेटी का?" त्या म्हणाल्या.

ही 2008 च्या जुलैतली गोष्ट. आप्पाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या, किडन्या गेल्या होत्या. साखरेनं खाल्ल्या. डॉक्टरांनी आठवड्यातून दोनदा डायलिसिस सांगितलं, मंगळवार आणि शुक्रवार, आणि ते जळगावला. भडगावहून जळगाव साठेक किलोमीटर. त्याचा मुलगा सुरतेला साडीच्या मार्केटात; तो दर आठवड्याला दोन दिवस कुठून येणार? एस.टी.नं जाणं ठीक, पण चार तास मशीनवर पडून उठलेल्या माणसाला एस.टी.त उभं राहून परत आणणं मी करू दिलं नसतं. बोलत नव्हतो तरी करू दिलं नसतं.

न बोलण्याचं कारण विहीर. वडील गेल्यावर वाटण्या झाल्या, जमिनीचे दोन तुकडे झाले, विहिरीचे कसे करणार? ती सामाईक राहिली. मोटार एक, पेटी एक, तीन दिवस त्याची पाळी, तीन दिवस माझी, सातवा दिवस अधूनमधून. 2001 च्या उन्हाळ्यात विहिरीला जेमतेम तासभर पाणी उरलं होतं. माझी मोसंबीची 180 झाडं होती, बहार धरलेली. लाईट रात्री एक वाजता यायची. माझ्या पाळीच्या पहिल्या रात्री मी बॅटरी घेऊन मळ्यात गेलो, पेटी उघडली, तर आत तिन्ही किटकॅट नाहीत. फ्यूजच काढून नेलेले. दुसऱ्या दिवशी बाजारातून नवे आणले, ते बसत नव्हते. वायरमन तिसऱ्या दिवशी आला. माझी पाळी संपली, त्याची सुरू झाली, आणि पुन्हा माझी आली तोवर विहीर तळाला गेली होती. झाडं वाळली. मी कुणाला काही विचारलं नाही. मनात नाव ठरलेलं असलं की माणूस विचारत नाही.

तर अशा माणसाला शेजारी बसवून आठवड्याला चार वेळा साठ किलोमीटर. पहिले दोन महिने कसे काढले ते आम्हीच जाणे. पाचोरा येईपर्यंत तो समोर बघायचा, मी समोर बघायचो. पाचोऱ्याला रेल्वेपाशी गाडी थांबली की तो खिडकीतून थुंकायचा आणि मी हॉर्न वाजवायचो. नांद्रा, सामनेर, वावडदा, शिरसोली. बोलणं एवढंच: "पानी?" "नको." जीपमध्ये पूर्वी टेप होता, पण तो भाड्याच्या फेऱ्यांत कुणीतरी उपटून नेला होता.

आप्पा भजनी माणूस. गावच्या मंडळात पेटी त्याची आणि पहिला आवाज त्याचा. आजारानं आवाज गेला नव्हता, दम गेला होता. अर्ध्या ओळीवर थांबायचा म्हणून मंडळात जाणंच सोडलं.

तो मशीनवर असायचा ते चार तास मी जळगावात फिरायचो. दवाखान्याच्या बाकावर बसवत नसे. फुले मार्केटात एक चक्कर, चहा, पेपर, पुन्हा चक्कर. सप्टेंबरात असाच एका गल्लीत रेडिओ-टेप दुरुस्तीच्या टपरीवजा दुकानासमोर थांबलो. गाडीसाठी जुना टेप मिळतो का बघायचं होतं. दुकानदारानं टेप दाखवले, सगळ्यांची तोंडं तुटलेली. मग म्हणाला, "काका, एक वेगळी वस्तू आहे," आणि फळीवरून एक काळा डबा काढला.

डब्याला वायर, वायरीच्या टोकाला तळहाताएवढी चपटी पाटी. ती त्यानं दुकानाच्या उंबऱ्याबाहेर धरली, आभाळाकडे, जरा तिरपी. डब्याच्या काचेवर रेघा वाढत गेल्या आणि एकदम भीमसेन. खरखर नाही, शिट्टी नाही, मागून दुसरं स्टेशन घुसत नाही. मी आयुष्यभर आकाशवाणी ऐकलेला माणूस. आमच्या वडिलांकडे मर्फी होता, त्याचं लायसन असायचं, दरवर्षी पोस्टात पैसे भरून पुस्तकावर शिक्का आणावा लागे. संध्याकाळी गाणं ऐकायचं तर कान खरखरीतून वेचावं लागायचं, तांदळातून खडे वेचतात तसं. इथं खडाच नव्हता.

"हे सॅटेलाईटचं," दुकानदार म्हणाला. "वर्ल्डस्पेस. रेहमाननं जाहिरात केली ना, तेच."

नंतर माझ्या पुतण्यानं मला या गोष्टीची सगळी कुंडली सांगितली, काही मी पेपरात वाचली, ती इथंच सांगून टाकतो. ही कंपनी नोआ समारा नावाच्या माणसानं 1990 साली अमेरिकेत काढली. माणूस मूळचा इथिओपियाचा. आफ्रिकेत एड्स पसरत होता आणि खेड्यापाड्यांत माहिती पोचत नव्हती, म्हणून आभाळातून रेडिओ पाठवायचा असं त्याच्या डोक्यात आलं. पहिला उपग्रह 1998 मध्ये आफ्रिकेसाठी सोडला, दुसरा मार्च 2000 मध्ये आशियासाठी; त्याचं नाव एशियास्टार. हा विषुववृत्ताच्या वर, जवळजवळ 36,000 किलोमीटर उंचीवर, सिंगापूरच्या जरासा पुढे ठेवलेला. पृथ्वीबरोबर फिरतो म्हणून आपल्याला एकाच जागी दिसतो. दिसत नाही अर्थात, पण असतो तिथंच. भारतात कंपनीचं ऑफिस बंगळूरला. वर्गणी भरली की चाळीसेक स्टेशनं. शास्त्रीय गाण्याचं 'गंधर्व', जुन्या हिंदी गाण्यांचं 'फरिश्ता', आणि मराठीचं 'सुरभी'.

पण मला त्या दिवशी हे काही माहीत नव्हतं. मी विचारलं, "गाडीत चालेल?"

दुकानदार खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. तो म्हणाला, "चालायला पाहिजे." जुन्या वस्तूच्या बाजारात या शब्दाचा अर्थ काय होतो ते मला बैलबाजारामुळे माहीत होतं. चाळीसगावच्या बाजारात बैल 'चालायला पाहिजे' म्हणून विकला की तो घरी येऊन बसतो. तरी मी फसलो, कारण मला फसायचं होतं. मंगळवारी पुन्हा तोच रस्ता, तीच थुंकी, तोच हॉर्न.

"वर्गणी मार्चपर्यंत भरलेली आहे," तो म्हणाला. अकराशेला सौदा झाला. गाडीची बॅटरी 12 व्होल्टची, डब्याला त्याहून कमी लागायचे. मधे एक रेग्युलेटर बसवून दिला, त्याचे साठ वेगळे.

जुनी वस्तू घेताना मी जे केलं नाही ते आता सांगतो, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल, वस्तू कुठलीही असो. डब्याच्या मागे एक नंबर असतो, वर्गणी त्या नंबरावर असते, माणसाच्या खिशावर नसते. तो नंबर लिहून घेऊन दुकानातूनच बंगळूरला फोन लावायला हवा होता. अँटेनाची वायर डब्यापाशी आणि पाटीपाशी हलवून बघायला हवी होती. माझी पाटीपाशी मोडलेली निघाली, वर नुसती चिकटपट्टी. आणि उंबऱ्याशी ऐकलं तेवढ्यावर न थांबता गाडीत लावून, गाडी गल्लीतून फिरवून ऐकायला हवं होतं. बैलालासुद्धा आपण चार पावलं चालवून बघतो.

दवाखान्यातून आप्पाला घेऊन आलो. तो नेहमीसारखा डाव्या सीटवर बसला, डाव्या हाताला पांढरी पट्टी. डायलिसिसच्या सुया त्या हातात टोचतात, म्हणून त्या हातानं काही उचलायचं नसतं. डबा बघून त्यानं विचारलं, "काय लिन्हं हाई?"

"रेडिओ."

"कितलाले?"

"अकराशे."

"येडा शे तू," आप्पा म्हणाला. दोन महिन्यांतलं त्याचं सगळ्यात लांब बोलणं.

आणि तो चालेना. जळगावातून बाहेर पडेपर्यंत नुसत्या रेघा वर-खाली. शिरसोली रोडला लागलो तेव्हा मला एक गोष्ट लक्षात आली. दुकानदारानं पाटी धरली होती ती आग्नेयेला. आम्ही शेतकरी, दिशा आम्हाला होकायंत्र न बघता कळतात. उपग्रह आग्नेयेला, अर्ध्या आभाळात. सकाळी नऊ-साडेनऊला सूर्य जिथं असतो साधारण त्या उंचीवर. आणि भडगावहून जळगावचा रस्ता ईशान्येला जातो. म्हणजे जळगावला जाताना तो माझ्या हाताला, ड्रायव्हरच्या बाजूला, आणि परत येताना आप्पाच्या हाताला. मी गाडी बाजूला घेतली, पाटी टपाच्या पाईपाला आप्पाच्या डोक्यावर सुतळीनं बांधली, बाहेरच्या अंगानं तिरपी. टप ताडपत्रीचा होता हे नशीब. पत्र्याचा असता तर आत काही आलं नसतं. ताडपत्रीतून गाणं येत होतं, कोरड्या ताडपत्रीतून तरी.

वावडद्यापर्यंत आलं. मग रस्त्याच्या कडेचे निंब सुरू झाले, आणि प्रत्येक निंबाला गाणं तुटायचं. मोठं झाड आलं की दोन-तीन शब्द गिळायचं, पुन्हा सुरू. गावातल्या वडाखाली तर पूर्ण बंद. अमेरिकेत म्हणे 2001 पासून गाड्यांमध्ये असा रेडिओ होता, पण तिथं शहरांमध्ये जमिनीवरही खांब उभे करून तेच गाणं पुन्हा सोडायचे, म्हणजे इमारतीआड गेलं तरी तुटत नाही. आपल्याकडे तशी परवानगीच नव्हती. हा डबा घरात खिडकीत ठेवायचा होता. मी त्याला रस्त्यावर आणला होता.

पुढच्या शुक्रवारी जाताना प्रश्न आला. जाताना उपग्रह माझ्या बाजूला, आणि माझे दोन्ही हात स्टिअरिंगला. पाटी माझ्या बाजूच्या पाईपाला बांधली तर वळणावर घसरायची. पाचोऱ्याच्या पुढं गेलो आणि काही न बोलता आप्पानं उजवा हात लांब करून पाटी काढून घेतली. माझ्या आणि त्याच्या मधोमध, काचेजवळ, माझ्या खांद्यावरून बाहेर बघेल अशी धरली. गाणं लागलं. रस्ता जरा वळला की तो मनगट वळवायचा. नांद्र्याच्या वळणाला गाणं तुटलं, मी म्हटलं, "जरा पुढं." त्यानं पुढं केली. "आता वर." वर केली.

त्यानंतर दीड वर्षं जातानाची पाटी आप्पाकडे आणि येतानाची सुतळीकडे. आणि आमच्या तोंडून जे शब्द निघाले ते पाटीमुळे निघाले. "वर कर." "झाड उनं." "थांब, येई." बाकी अजून काही नव्हतं, पण एवढं होतं. झाड येताना दिसलं की तो आधीच सांगायचा, "झाड उनं," आणि गाणं तुटायच्या आत आम्ही दोघं थांबून राहायचो, जसं गळणाऱ्या छपराखाली थेंबाची वाट बघतात तसं. मग झाड मागं गेलं की स्वर पुढच्या जागेवर पोचलेला असायचा. मधला कुठून गेला असेल ते आप्पा बोटानं मांडीवर दाखवायचा.

नोव्हेंबर 2008 मध्ये भीमसेन जोशींना भारतरत्न जाहीर झालं. त्यापुढच्या फेरीला आप्पा गाडीत बसता बसताच म्हणाला, गंधर्व लाव. लावलं. काय लागलं होतं ते मला सांगता येणार नाही, मला रागातलं कळत नाही. मला आप्पाचा हात आठवतो. पाटी धरलेला हात हलू द्यायचा नाही म्हणून तो मानेनंही दाद देत नव्हता. फक्त पायाचा अंगठा.

भाड्याच्या दिवशी मी कजगाव-भडगाव फेऱ्या करायचो, तेव्हाही डबा असायचा. त्या गोष्टी खूप आहेत, एकच सांगतो. एका म्हातारीनं पाटीकडे बघून विचारलं की ही वीज ओढते का, आणि पावसाळ्यात ती माझ्या गाडीत बसेना. बाकी पॅसेंजरला गंधर्व नको असायचं. त्यांना फरिश्ता. मी फरिश्ता लावायचो, धंदा धंद्याच्या जागी.

डिसेंबरच्या मध्याला एका मंगळवारी रेघा पूर्ण, स्टेशनचं नाव काचेवर, आणि आवाज नाही. मार्चपर्यंतची वर्गणी डिसेंबरातच संपली होती. दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणाला, मला ज्यानं विकला त्यानं मला मार्च सांगितलं होतं. असेल. त्याच्याशी भांडून काय करणार, अकराशेची पावतीही नव्हती. पुतण्यानं सुरतेहून बंगळूरला फोन लावला. तिकडून सांगितलं की नंबर दुसऱ्याच्या नावावर होता, त्यांची वर्गणी संपली आहे, तुम्ही तुमच्या नावानं नव्यानं भरू शकता.

त्या वर्षी कापसाला सरकारनं हमीभाव वाढवून 3,000 केला होता, लांब धाग्याला. माझा कापूस जानेवारीत गेला. पैसे हातात होते, पण घरात बोलणं झालं. बायको म्हणाली, आधी अकराशे आणि आता हे, तुमच्या भावानं तुमची मोसंबी वाळवली आणि तुम्ही त्याला गाणं ऐकवायला पैसे भरता. तिचं चुकत नव्हतं. मी दोन दिवस गप्प बसलो. दोन फेऱ्या पुन्हा थुंकी आणि हॉर्न.

तिसऱ्या दिवशी वहिनी आल्या. रुमालात बांधलेले पैसे पुढं केले. "अर्धे आमचे," म्हणाल्या. "त्यांनी दिन्हा."

मी घ्यायला तयार नव्हतो. वहिनींनी ते ओट्यावर ठेवले आणि गेल्या. वर्गणी भरली. पुढच्या शुक्रवारी गाणं लागलं तेव्हा मी आप्पाला म्हटलं, "आता हा पण सामाईक झाला. सातबाऱ्यावर नोंद करावी लागेल."

आप्पा हसला. हसताना त्याला दम लागला आणि पाटी हलली, गाणं गेलं, मग दोघंही हसलो. सामनेरजवळ. मला जागा आठवते, तिथं उजव्या हाताला एक पडकी चौकी होती.

मग जरा वेळानं तो म्हणाला, "डबं आपलं, पानी दुसरानं." आणि बीटीच्या बियाण्याचं बोलत राहिला. आमच्या लहानपणी आई सरकी राखेत घोळवून मडक्यात ठेवायची, पुढच्या वर्षी तीच पेरायची. आता दर वर्षी नवी पाकिटं. पाकीट आपलं, बियाणं त्यांचं. हे सगळं तो विहिरीचं नाव न काढता बोलत होता. मीही काढलं नाही. विहिरीत माझा अर्धा हिस्सा होता आणि पेटीची किल्ली कधीच नव्हती, हे माझ्या ओठावर आलं होतं.

2009 चं ते वर्ष मी आमच्या दोघांच्या आयुष्यातलं चांगलं वर्ष म्हणेन, आणि त्या वर्षात आप्पा रोज थोडा थोडा वाळत होता. ताडपत्री पावसानं भिजली की गाणं अडखळायचं, म्हणून पावसाळ्यात तो टपाची कड वर करून पाटी बाहेर धरायचा आणि बाही भिजवायचा. मी ओरडायचो. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं होतं, दिवसाला अमुक एवढंच, आणि हा माणूस भर पावसात हात बाहेर काढून बसायचा. "हाई पेवाना मा धरत नही," म्हणायचा. हे पिण्यात धरत नाहीत.

मूळ कंपनीनं अमेरिकेत ऑक्टोबर 2008 मध्येच दिवाळखोरीचा अर्ज केला होता. म्हणजे मी डबा घेतला त्याच्या पुढच्याच महिन्यात. आम्हाला पत्ता नव्हता. डिसेंबर 2009 च्या शेवटच्या आठवड्यात पेपरात आलं की 31 तारखेपासून भारतातली सेवा बंद. देशभरात लाखो वर्गणीदार होते. आमच्या वर्गणीचे पंधराच दिवस उरले होते, त्यामुळे पैशाचं आमचं काही गेलं नाही. ज्यांनी दिवाळीत भरले असतील त्यांचं बघा.

1 जानेवारी 2010 ला शुक्रवार होता. मी आप्पाला आधी सांगितलं नव्हतं. पाचोरा ओलांडलं, त्यानं सवयीनं हात लांब करून पाटी काढून घेतली, धरली. मी डबा लावला. रेघा नाहीत. त्यानं मनगट वळवलं, वर केलं, खाली केलं.

"बंद पडना का?"

"कंपनी बंद झाली."

तो पाटीकडे बघत राहिला. "आनि वरला?" म्हणजे वरचा उपग्रह.

"तो तिथंच आहे."

"मंग?"

याचं उत्तर मला देता आलं नाही. पुतण्यानंही नंतर सांगितलं की वर तो होताच. पाणी विहिरीत आहे, पेटी बंद.

आप्पानं पाटी जागेवर ठेवली नाही. मांडीवर घेऊन बसला. पुढच्या फेऱ्यांनाही तसाच, गाडीत बसला की पाटी काढून मांडीवर. डबा मी लावायचो नाही. मी पुतण्याकडून गाण्यांची सीडी मागवणार होतो, मेमरी कार्डाचा प्लेअर घेणार होतो, बाजारात तेव्हा दोनशे रुपयांत मिळू लागले होते. घेतला नाही. का घेतला नाही ते सांगता येत नाही.

जानेवारीच्या शेवटी, सामनेरच्या पुढे, मी विचारलं. एवढे दिवस रस्त्यावर गाणं होतं म्हणून विचारलं नाही, आता रस्ता रिकामा होता.

"आप्पा, त्या रात्री पेटीतले किटकॅट तू काढले होते का?"

"कोनती रात?"

"मोसंबी वाळली त्या उन्हाळ्यातली."

तो विचार करत होता. खरंच करत होता, मी बघितलं. वावडदा आलं. मी नऊ वर्षं ती रात्र रोज उघडून बघितली होती, बॅटरीचा उजेड, पेटीचं गंजलेलं झाकण, आतल्या तीन रिकाम्या खाचा. ती रात्र त्याच्याकडेही असेल असं मी धरून चाललो होतो.

"माले याद नही," आप्पा म्हणाला.

मी काही बोललो नाही. शिरसोलीच्या अलीकडे त्यानं विचारलं, "कितली झाडं व्हती तुनी?"

"एकशे ऐंशी."

"चांगली व्हती," तो म्हणाला. "मी जाता येता देखू."

खोटं बोलत होता का? मी आजही ठरवू शकत नाही. बायको म्हणते, आठवत असणारच. वहिनींना मी कधी विचारलं नाही. आजारानं माणसाचं विसरणं वाढतं हे खरं आहे, आणि जे विसरायचं आहे ते आधी विसरतं हेही खरं आहे. पण तो मोसंबीकडे जाता येता बघायचा, हे मला माहीत नव्हतं. माझ्याकडे पाठ असायची त्याची.

होळी होऊन आठवडा झाला होता, तेव्हा तो गेला. गाडीत नाही, घरी, पहाटे. मंगळवारची फेरी होती, मी पाण्याची बाटली भरून ठेवली होती.

जीप मी 2014 साली विकली. घेणाऱ्यानं डबा काढून घ्यायला सांगितलं, त्याला नवीन टेप बसवायचा होता. तेव्हापासून डबा माळ्यावर. आता रेडिओची गंमतच गेली, नातू फोनवर हवं ते गाणं काढतो, मधे झाड येत नाही. गेल्या दिवाळीत माळा साफ केला तेव्हा भंगारवाला ओट्यावर बसला होता. डबा हातात घेऊन हलवून बघितला, तीस रुपये म्हणाला. पाटीचे वेगळे पाच देईन म्हणाला, आत तांबं असतं.

मी म्हटलं, वस्तू सामाईक आहे, विचारावं लागेल.

भंगारवाला हसला. मी रस्ता ओलांडून वहिनींच्या अंगणात गेलो. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या, ऐंशीच्या पुढं गेल्यात, ऐकू कमी येतं. दोनदा सांगावं लागलं. मग त्यांना कळलं कुठला डबा ते.

"ऱ्हाऊ दे," म्हणाल्या, आणि माझ्यासमोर सूप सरकवलं. मी बसलो शेंगा फोडायला. भंगारवाल्याला तिकडूनच हातानं नको म्हणून सांगितलं.